रेघेतली खाच

दारावर बोटाच्या पेरानं टकटक झाली की पुतणी आली हे थोरलीला बसल्या जागी कळायचं. बाकीचे सगळे घंटी वाजवत. ही मात्र बापावर गेली होती. वेधशाळेच्या कार्यशाळेत एखादं यंत्र कुरकुरायला लागलं की तो असंच लोखंडावर पेर आपटून कानोसा घ्यायचा आणि मग दुखतंय कुठे ते नेमकं सांगायचा.

"काकू, वेळ आहे ना?"

"वेळेशिवाय माझ्याकडे दुसरं आहे काय? ये. चहा मात्र तूच ठेव. माझे गुडघे आज संपावर आहेत."

पुतणीनं चहा ठेवला, पण तिचं लक्ष चहात नव्हतं. दूध उतू जाता जाता वाचलं. थोरलीनं ते पाहिलं. पोरगी सांगायला आली आहे काहीतरी, सांगेल.

थोरली आणि धाकटी या दोघी जावा. घरात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. थोरलीचा नवरा वेधशाळेत निरीक्षक होता. अंधार पडला की दुर्बिणीशी जाऊन बसायचा. त्याचा धाकटा भाऊ तिथेच मेकॅनिक. आणि दोघी बायका खालच्या मजल्यावर, मोजणीच्या खोलीत. एका घुमटाखाली चार माणसांचं पोट भरत होतं. आता दोघेही भाऊ गेले होते. धाकटीची ही मुलगी त्याच वेधशाळेत संगणकावर लघुग्रहांच्या कक्षा मांडायची.

कप समोर ठेवून ती म्हणाली, "काकू, चुकार सापडला."

थोरलीचा हात कपाच्या कानाशी गेला होता, तो तिथेच राहिला.

"आपला चुकार?"

"आपलाच असावा. तेच विचारायला आलेय."

तिनं साखरेचा डबा टेबलाच्या मधोमध ओढला. "हा सूर्य. हा तुमचा कप म्हणजे पृथ्वी, वर्षाला एक फेरी. आणि ही बशी म्हणजे तो. त्याची फेरी आपल्यापेक्षा जराशीच मोठी, वर्ष आणि वर काही दिवस. त्यामुळे दर फेरीला तो थोडा मागे पडतो."

"रांगेत ढिलाई करणाऱ्यासारखा."

"तसाच. मागे पडत पडत सूर्याच्या पलीकडे जातो, तिथे उजेडात कोणाला दिसत नाही. मग कितीतरी वर्षांनी आपण मागून येऊन त्याला गाठतो. तेवढ्याच वेळी तो जवळ असतो. कक्षाही आपल्यासारखी गोल नाही, चेपलेली आहे, जराशी कललेली. एका बाजूनं आपल्या वाटेच्या आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर जातो."

"आणि आहे कसा? तेव्हा तर नुसती रेघ होती."

पुतणीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "काळा कुळकुळीत, कोळशासारखा. खिडकीतून ती टेकडी दिसते ना, तेवढा असेल. पण एक धोंडा नाही तो. रडारनं पाहिलं तर दोन गोळे निघाले, एक थोडा मोठा, एक थोडा लहान, एकमेकांना टेकलेले. भुईमुगाची शेंग असते तसे."

"आपटून फुटले कसे नाहीत?"

"आपटलेच नसणार. फार हळू जवळ आले असणार, माणूस चालतो त्याहूनही हळू. आता तसेच टेकून गोल गोल फिरतायत."

थोरलीनं चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, "हे सगळं ठीक. तू अडलीस कुठे?"

"मागच्या वर्षी तो परक्या दुर्बिणीला दिसला. मी त्याची कक्षा उलट मोजत मोजत मागे नेली. आकाशाच्या फोटोच्या आपल्या त्या जुन्या काचेच्या प्लेटवर जिथे रेघ आहे, बरोब्बर त्या संध्याकाळी, बरोब्बर त्याच जागी तो येतो. जागा जुळते, रेघेची लांबी जुळते. दिशा फक्त उलटी आहे."

उलटी. हा शब्द थोरलीला खड्यासारखा लागला.

"रेघेतली खाच पाहिली तर ती रेघ पश्चिमेला चाललीय," पुतणी म्हणाली. "चुकार पूर्वेला चालला होता. काका दुर्बिणीवर झाकण घालून पाडायचे ती खाच शेवटी असायची ना?"

"नेहमी."

"कधीच सुरुवातीला नाही?"

"अगं, त्यांचं जेवणसुद्धा ठरल्या क्रमानं असायचं. खाच म्हणजे खाच. शेवटीच."

"मग तो चुकार नव्हे. दुसराच कोणीतरी, आणि तो पुन्हा कोणाला दिसलेला नाही." तिनं बशी जागेवर ठेवली. "तीच प्लेट त्याची ठरली असती तर कक्षा पक्की झाली असती. काकू, पुढे तुमच्या पणतवंडांच्या काळात तो फार जवळून जाणार आहे. किती जवळून, ते आज कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ती जुनी रेघ हाताशी धरली तर सांगता येईल. म्हणून विचारते."

"तुझ्या आईला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, काकूला विचार, प्लेट तिनं वाचली होती. आणि शिवणाच्या मशीनवर बसली ती परत."

थोरली खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या मला घेऊन चल. प्लेट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

पुतणी गेली आणि घर गप्प झालं. तिला काय विचारायचं होतं ते थोरलीला कळलं होतं. त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न मात्र पुतणीला कधीच कळला नसता. खाच सुरुवातीची असेल, तर धाकटी खरी होती. आणि धाकटी खरी असेल, तर मधली एवढी वर्षं थोरलीच्या एका वाक्यानं वाया गेली होती.

मोजणीची खोली कशी होती, ते आता सांगणारं कोण उरलं आहे? उत्तरेकडच्या खिडकीखाली लांब टेबल, त्यावर पितळी यंत्र. काचेची प्लेट त्यावर ठेवली की खालून उजेड यायचा. प्लेटवर सगळं उलट असतं: आकाश पांढरं आणि तारे काळे, कोणी मिरी कुटून भुरभुरवावी तसे. वरून सूक्ष्मदर्शकात बघायचं. त्याच्या नजरेत कोळ्याच्या जाळ्यातला खराखुरा एक धागा ताणलेला असायचा. स्क्रू फिरवत तो धागा ताऱ्याच्या मधोमध आणायचा आणि आकडा वाचायचा. एकीनं वाचायचं, दुसरीनं लिहायचं. मग प्लेट अर्धी फिरवून ठेवायची आणि लिहिणारीनं वाचायचं, वाचणारीनं लिहायचं. कारण माणसाचा डोळा ओढ घेतो. थोरलीचा धागा कायम केसभर डावीकडे बसायचा, धाकटीचा केसभर उजवीकडे. दोघींच्या आकड्यांची सरासरी काढली की दोघींची चूक उडून जायची. वेधशाळेचे साहेब म्हणायचे, "तुम्ही दोघी मिळून एक बिनचूक बाई आहात."

त्या खोलीचा एक कायदा होता. तिथे 'वाटतं' म्हणायचं नाही. वाटतं ते घरी. इथे आकडा सांगायचा.

दुर्बीण ताऱ्यांच्या चालीनं फिरते म्हणून प्लेटवर तारे ठिपके होऊन उमटतात. मधूनच एखादा लघुग्रह स्वतःच्या चालीनं निघालेला असला की त्याची रेघ उठते. पण नुसत्या रेघेवरून तो कुठून कुठे गेला, हे कोण सांगणार? रेघेला ना तोंड असतं ना शेपूट. म्हणून प्लेट उघडी असताना निरीक्षक दुर्बिणीवर क्षणभर झाकण घालायचा. रेघेत खाच पडायची. थोरलीचा नवरा हे झाकण शेवटी शेवटी घालायचा, म्हणून खाचेपलीकडचा तोकडा तुकडा म्हणजे रेघेचा शेवट, हे अख्ख्या वेधशाळेला पाठ होतं.

चुकारची रेघ त्या खोलीत आली तेव्हा दोघी हरखून गेल्या होत्या. एवढी लांब रेघ म्हणजे धोंडा फार जवळचा. थोरली वाचत होती, धाकटी लिहीत होती. थोरली म्हणाली, "खाच इकडे. म्हणजे पश्चिमेला चाललाय." धाकटीचं पेन थांबलं.

"उलटा असेल, जाऊबाई," ती म्हणाली. "पूर्वेला चालला असेल."

"कशावरून?"

खोलीतल्या इतर बायका माना वर करून बघायला लागल्या.

"अगं, कशावरून?"

"मला वाटतं," धाकटी म्हणाली.

सगळी खोली हसली. थोरलीही हसली, पण ते तिच्या मनाला लागलं. तिच्या नवऱ्याची प्लेट, तिचं वाचन, आणि धाकट्या जावेनं चारचौघींत शंका काढायची, तीही वाटतं म्हणून. साहेबांनी येऊन विचारलं तेव्हा ती ठामपणे म्हणाली, "पश्चिमेला." दुर्बीण पश्चिमेला शोधत राहिली. पुढे चांदणं आलं, त्यात काही दिसेना, आणि तोवर तो निसटला. खोलीनं त्याचं नाव चुकार ठेवलं, वाट चुकवून कळपातून निघून जाणाऱ्या ढोरासारखा.

आणि त्या वैतागाच्या दिवसांत कधीतरी थोरली सगळ्यांदेखत म्हणून गेली, "हिला प्लेट उलटी दिसते. हिच्या शंकेपायी साहेबांनी अर्ध्या मनानं शोधलं." एवढंच. पण खोलीतल्या पोरीबाळी धाकटीला 'उलटी' म्हणायला लागल्या. थोडे दिवस तिनं सोसलं आणि मग मोजणी सोडली. घरी पडदे शिवायला लागली.

भांडण असं झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. लग्नाकार्यात दोघी शेजारी बसत, मुलांची चौकशी करत, एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावून जात. धाकटा दीर गेला तेव्हा थोरली दिवसचे दिवस त्या घरात राहिली, स्वयंपाक केला. पण पूर्वी दोघी एका भांड्यातून खात, एकमेकींना चिमटे काढत, हसून हसून पोट धरत, ते गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणीनं तिला वेधशाळेत नेलं. व्हरांड्यात जुन्या लोकांचे फोटो होते. थोरलीच्या नवऱ्याचाही होता, खाली लिहिलेलं: निरीक्षक. थोरली दरवेळी तिथे थांबून पदराच्या टोकानं काच पुसायची. आजही पुसली.

मोजणीचं यंत्र प्लास्टिकच्या कव्हराखाली होतं. पुतणीनं कव्हर काढलं, दिवा लावला, प्लेट ठेवली. थोरली खुर्चीत टेकली आणि डोळा लावला. हात आपोआप स्क्रूकडे गेला. डोळे म्हातारे झाले होते, हात नाही.

रेघ तिथेच होती. एक तोकडा तुकडा, मग खाच, मग लांबलचक रेघ. किंवा लांबलचक रेघ, मग खाच, मग तोकडा तुकडा. कुठून वाचायचं, त्यावर सगळं.

तिनं धागा रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. रेघ सगळीकडे सारखीच काळी होती. कुठे फिकी नाही, कुठे विरलेली नाही. प्लेट उघडी असताना ढगाचं एखादं पिल्लू जरी आडवं गेलं असतं तरी रेघ तेवढ्यापुरती पातळ पडली असती.

"केवढी स्वच्छ संध्याकाळ असेल," पुतणी मागून म्हणाली. "अंधार पडल्या पडल्या घेतलेली प्लेट आहे ही."

थोरलीचा हात थांबला.

त्या संध्याकाळी आभाळ आलं होतं.

ती तारीख तिला कशी आठवणार नाही? तिचा मुलगा तेव्हा एवढासा होता. दिवे लागायच्या वेळी त्याचा श्वास अडकायला लागला, छातीत शिट्टी वाजायला लागली. तिनं शेजाऱ्याला वेधशाळेत पिटाळलं. नवरा धावत आला. दुर्बीण सोडून आला म्हणून त्याही स्थितीत तिच्या तोंडून निघालंच, "काम सोडून कसे आलात? साहेबांना विचारलंत?" कामाच्या बाबतीत ती अशीच होती. तो म्हणाला, "आभाळ आलंय. काम नाही आज." दोघं मुलाला घेऊन दवाखान्याकडे निघाली. मुलाचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, त्याचा श्वास ऐकता ऐकता तिनं वर पाहिलं. घरांच्या छपरांमध्ये आकाशाची एक पट्टी होती आणि ती ताऱ्यांनी गच्च भरली होती.

ते तारे तिला आजवर लख्ख आठवत होते. मूल वाचलं, त्या आनंदात ते आठवणीत बसले होते, देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखे. आभाळ आलं होतं म्हणतात आणि तारे दिसतात कसे, हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. घरातलं घरी आणि खोलीतलं खोलीत ठेवायची तिची शिस्त. त्या शिस्तीनं दोन गोष्टी इतकी वर्षं शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकमेकींना भेटू दिलं नाही.

अंधार पडल्या पडल्या तिचा नवरा तिच्याबरोबर दवाखान्यात होता. मग ही प्लेट कोणी घेतली?

"काकू? बरं नाही वाटत का?"

"बरी आहे." तिनं डोळा काढला. "मला तुझ्या आईकडे सोड. तू आत येऊ नकोस. आम्हा म्हाताऱ्यांना जरा बोलू दे."

धाकटी शिवणाच्या मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत होती. दोरा सुईच्या भोकाच्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून जात होता. थोरली दारात उभी राहून पाहत राहिली.

"आण इकडे," ती म्हणाली.

धाकटीनं वर पाहिलं, मुकाट्यानं सुई दिली. थोरलीनं चष्मा कपाळावर चढवला, दोरा ओला केला, श्वास रोखला. दोरा डावीकडून गेला. पुन्हा केला. पुन्हा डावीकडून.

"अजून केसभर डावीकडेच बसतोय तुमचा, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"तू धर सुई, मी दोरा धरते."

दोघींनी मिळून ओवला. धाकटीनं मशीनवरचा अर्धा पडदा बाजूला सारून तिला बसायला जागा केली.

मग थोरली म्हणाली, "प्लेट भावोजींनी, तुझ्या नवऱ्यानं घेतली होती."

धाकटीनं पडद्याची शिवण नखानं दाबून सरळ केली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही, सुटका झाल्यासारखं काहीतरी चेहऱ्यावरून गेलं.

"कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला उरलंय कोण? तारे होते त्या संध्याकाळी. मी स्वतः पाहिले होते."

"मोठे भावोजी निघाले तेव्हा प्लेट लावून तयार होती," धाकटी सांगायला लागली. "हे तिथेच यंत्राला तेल घालत होते. मोठे भावोजी म्हणाले, तू सांभाळ, तारा दुर्बिणीतल्या धाग्यावरून हलू देऊ नकोस, शेवटी झाकण घाल. कार्यशाळेच्या माणसानं दुर्बिणीला हात लावणं म्हणजे दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. साहेबांनी त्याच्या आधीच एकदा तंबी दिली होती. आणि यांचं तुम्हाला माहीत आहे, धास्तावलेला माणूस. म्हणाले, दुर्बीण सांभाळता सांभाळता शेवटी विसरलो तर? म्हणून सुरुवातीलाच झाकण घालून मोकळे झाले. घरी येऊन मला हे सगळं सांगितलं, वर म्हणाले, काम चोख झालं."

"आणि ह्यांना?"

"भावाला सांगितलंच नाही. सांगितलेलं मोडलं ना, म्हणून. पुढे मी मागे लागले तेव्हा सांगितलं, पण तोवर चांदणं आलं होतं, चुकार गेला होता. दोघं भाऊ कार्यशाळेत डोक्याला हात लावून बसले. मोठे भावोजी म्हणाले, तुझ्या वहिनीला मात्र कळू देऊ नकोस. ती साहेबांना सांगितल्याशिवाय राहायची नाही. ती खरं बोलते, हीच पंचाईत आहे."

थोरलीला ते वाक्य नवऱ्याच्या आवाजात ऐकू आलं. तिला राग यायला हवा होता. पण तो बोलला ते चुकीचं नव्हतं. तिनं सांगितलंच असतं.

"पण तू मला एकटीला सांगायचंस," ती म्हणाली. "घरी येऊन."

"आले होते की."

"कधी?"

"त्या दिवशी खोलीतून सुटल्यावर सरळ तुमच्याकडे आले. तुम्ही मुलाला वाफ देत बसला होतात. मला बघून म्हणालात, 'आभाळ आलं म्हणून हे घरी धावून आले, नाहीतर माझं मूल हातचं गेलं असतं.' आता सांगा, त्यावर मी काय बोलणार होते? मी म्हटलं, चहा टाकू का? तुम्ही म्हणालात, नको."

थोरलीनं चष्मा काढला आणि पुसायला लागली. काचा स्वच्छ होत्या, तरी बराच वेळ पुसत राहिली.

"उलटी म्हणायला लागल्या तुला," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

"पडदे चांगले चालले माझे," धाकटी म्हणाली. "त्या खोलीत मान धरायची सारखी."

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू? रडू? रडून झालं तेव्हाच. तुम्ही आत्ता आलात, मला तेवढं पुरे." तिनं थोरलीच्या हातातून चष्मा काढून घेतला आणि तिच्या नाकावर बसवला. "आता हे इथेच राहू द्या. पोरीला म्हणावं, खाच शेवटची. व्हरांड्यात मोठ्या भावोजींचा फोटो आहे. माणूस गेल्यावर कशाला?"

हे बोलताना धाकटी मान खाली घालून दोऱ्याची गाठ मारत होती. इतकी वर्षं जे राखलं तेच पुढेही राखायला ती तयार होती, आणि त्यात आपण काही मोठं करतोय असं तिच्या गावीही नव्हतं. थोरली तिच्याकडे पाहत राहिली.

"पोरीला माहीत आहे का, तिच्या बापानं काय धरलं होतं त्या प्लेटवर?"

"नाही. हे म्हणायचे, भावाला बाधेल असं काही बोलायचं नाही."

"ती तिथे बसून त्याच धोंड्याची वाट मोजतेय, धाकटे. रोज त्याच इमारतीत जाते. आणि तिला वाटतं की तिचा बाप नुसतं तेल घालत होता."

धाकटीची गाठ सुटली. ती पुन्हा मारायला लागली.

"ह्यांचा फोटो कुठे जात नाही," थोरली म्हणाली. "मूल गुदमरत होतं म्हणून बाप धावत आला, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर माझ्या तोंडाची वाटावी. मुलाचा श्वास अडकलाय आणि मी विचारते, साहेबांना सांगितलंत का? म्हणून ह्यांना खोटं आभाळ आणावं लागलं. आणि त्या भिंतीवर शेजारी दुसरा खिळा ठोकायला जागा आहे. मी आजच पाहून आलेय." ती उठली. गुडघे कुरकुरले. "चल, चप्पल घाल."

"आत्ता? हा पडदा उद्या द्यायचाय."

"एवढी वर्षं पडद्यावाचून बसला तो पडदेवाला, आणखी एक संध्याकाळ बसेल."

धाकटी हसली. तिनं मशीनवर कापड झाकलं.

पुतणी बाहेर गाडीत वाट बघत होती. दोघींना एकमेकींचा हात धरून जिना उतरताना पाहून ती दार उघडायचंच विसरली.

मोजणीच्या खोलीत खिडकीतून अजून उजेड होता. धाकटी उंबऱ्याशी क्षणभर थांबली. मग तिनं यंत्राच्या पितळेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तेल नाही घातलं कोणी."

थोरली पुतणीला म्हणाली, "बस इथे. तुझा प्रश्न सुटला, पण आधी एक ऐक. ही प्लेट तुझ्या काकांची नाही. ती लावली त्यांनी, घेतली तुझ्या बाबांनी." आणि तिनं सगळं सांगितलं, मुलाचा श्वास, खोटं आभाळ, धास्तावलेल्या माणसानं आधीच घातलेलं झाकण. आपण पश्चिम म्हणालो तेही सांगितलं, आणि धाकटीला काय म्हणालो तेही.

पुतणीनं नकळत बोटाचं पेर यंत्राच्या लोखंडी पायावर हलकेच आपटलं, एकदा, दोनदा, आणि कान देऊन ऐकत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते वाहू दिले नाहीत. मग म्हणाली, "मला रीतसर मोजणी लागेल. मी संगणकावर करू शकते, पण..."

"पण काय? आम्ही आहोत ना," थोरली म्हणाली.

"एकीचं वाचन धरत नाहीत इथे," धाकटी म्हणाली. "दोघींचं लागतं."

"ते दोन गोळे टेकून बसलेत म्हणालीस ना," थोरली पुतणीला म्हणाली, "त्यातला मोठा मी."

"ते दिसतंयच," धाकटी म्हणाली.

थोरलीनं खुर्ची ओढली, पण स्वतः बसली नाही. धाकटीला बसवलं. स्वतः बाजूच्या स्टुलावर टेकली, कागद पुढे घेतला, पेनचं टोपण काढलं. पूर्वी पहिलं वाचन नेहमी थोरलीचं असायचं. धाकटीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. स्क्रू जरा जडपणे फिरला, मग सैल झाला.

"आहे," ती म्हणाली. "इथेच आहे अजून."

"जाणार कुठे? वाच."

"ही खाच." धाकटीचा हात थांबला. "ही सुरुवातीची आहे. पूर्वेला चाललाय."

थोरलीनं पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही. तिला जुना प्रश्न विचारायचा होता, आणि या वेळी उत्तर ऐकायचं होतं.

"कशावरून?"

धाकटीनं डोळा न काढता सांगितलं, "माझ्या नवऱ्यानं सांगितलं."

थोरलीनं तसंच लिहून घेतलं. मग म्हणाली, "हं. पुढचा आकडा."